मधुमेहात फळं कशी खावीत: वजनकाटा, वही आणि अर्धा हापूस

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. गावाकडून पेटी आली होती आणि अण्णा नातवंडांसाठी आंबे कापत बसले होते. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ७१, अकरा वर्षांपासून टाइप टू मधुमेह. दुपारी अर्धा हापूस त्यांनीही खाल्ला होता. आंबा खाल्ल्याला दोन तास झाले म्हणून त्यांनी मीटर काढलं, बोट टोचलं आणि आकडा आला २८७. त्यांचा चेहराच उतरला. "बघ, आंबा आता आपल्यासाठी नाही," एवढंच म्हणाले आणि मीटर डब्यात ठेवायला लागले.

मी त्यांचा हात धरला तर बोटांना आंब्याचा वास येत होता. उठवून बेसिनवर नेलं, साबणानं दोन्ही हात धुवायला लावले, कोरडे पुसले, दुसऱ्या हाताचं बोट टोचलं, नवी पट्टी लावली. १४६.

पट्टीला रक्तातली साखर आणि कातडीवर चिकटलेली साखर वेगळी ओळखता येत नाही. रक्ताचा थेंब एवढासा, त्यात रसाचा पुसटसा अंश मिसळला तरी आकडा दुप्पट होऊ शकतो. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवूनही तो निघत नाही, पाणी आणि साबणच लागतो. फळ सोलल्या-कापल्यावर शुगर बघणार असाल तर हे आधी लक्षात ठेवा. एका चिकट बोटापायी माणूस वर्षभर आंब्याला हात लावायचा नाही.

अण्णांनी तर आठ वर्षं कुठलंच फळ खाल्लं नव्हतं. निदान झालं तेव्हा हातात छापील कागद मिळाला होता. त्यावर आंबा, केळं, चिकू, द्राक्षं, सीताफळ या नावांवर फुली होती. अण्णांनी त्याचा अर्थ 'फळ नको' असा घेतला आणि ते शिस्तीनं पाळलं. मग चार वाजता भूक लागली की चहाबरोबर चार मारी बिस्किटं. गोड नाहीत ना, म्हणून. त्या चार बिस्किटांत १६-१७ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि मैद्यामुळे तंतू जवळजवळ नाहीत. १०० ग्रॅमच्या पेरूत कर्बोदकं १४ ग्रॅम, त्यातले ५ ग्रॅम तर तंतूच, शिवाय क जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमच्या वर. आठ वर्षं आम्ही पेरू नाकारून बिस्किट देत होतो, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून हा लेख. 'फळ खायचं की नाही' हा प्रश्नच बाजूला ठेवू. फळ किती खायचं, कोणत्या रूपात खायचं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कशाच्या जागी खायचं, हे ठरवू.

## आधी भीती दूर करू

चीनमध्ये सुमारे ५ लाख लोकांचा अनेक वर्षं पाठपुरावा करून २०१७ मध्ये निष्कर्ष छापले गेले. ताजी फळं नियमित खाणाऱ्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण कमी होतं. आणि ज्यांना मधुमेह आधीच होता, त्यांच्यातही आठवड्यात तीनपेक्षा जास्त दिवस फळ खाणाऱ्यांत मृत्यूचं आणि डोळे, मूत्रपिंड यांच्या गुंतागुंतीचं प्रमाण कमी दिसलं. अशा पाहणीतून 'फळामुळेच' असं सिद्ध होत नाही, पण फळ घातक असतं तर चित्र उलटं दिसायला हवं होतं.

डेन्मार्कमध्ये २०१३ साली थेट प्रयोगच केला. नुकतंच निदान झालेल्या ६३ जणांपैकी निम्म्यांना सांगितलं, दिवसाला किमान दोन फळं खा. उरलेल्यांना सांगितलं, दोनपेक्षा जास्त नको. बाराव्या आठवड्याला दोन्ही गटांचं एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्तचाचणी) उतरलेलं होतं आणि दोघांत फरक नव्हता. फळ कमी करून काहीच जास्तीचं हाती लागलं नाही.

तिसरा अभ्यास आपल्याकडचा, दिल्लीचा, २०२५ मध्ये आलेला. मधुमेही माणसांना सकाळच्या ब्रेडऐवजी २५० ग्रॅम आंबा आठ आठवडे दिला. शुगर बिघडली नाही, उलट सुधारली. ही बातमी व्हॉट्सॲपवर 'मधुमेहात आंबा चालतो' म्हणून फिरली. तिच्यातला कळीचा शब्द मात्र गाळला गेला. आंबा ब्रेडऐवजी होता, ब्रेडनंतर नव्हता. शिवाय देखरेखीखाली आणि मोजून. हा एक शब्द धरला की पुढचं सगळं सोपं होतं.

## पायरी १: चार कागद समोर ठेवा

फळ सुरू करण्याआधी अलीकडची उपाशीपोटीची शुगर, एचबीए१सी, क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा) रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी एकत्र ठेवा.

उपाशीपोटीची शुगरच रोज दोनशेच्या वर असेल तर आधी डॉक्टरांकडे जाऊन औषधाची घडी बसवा. तिथे दोष फळाचा नसतो, आणि फळाची चाचणीही नीट होत नाही, कारण सगळेच आकडे वर असतात. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर खालचा मूत्रपिंडाचा भाग आधी वाचा. आणि औषधांत इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल तर शुगर खाली जाण्याचा धोका असतो, म्हणून जेवण काढून नुसत्या फळावर राहायचं नाही. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना ही काळजी फारशी नसते.

## पायरी २: वजनकाटा आणा

स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या. 'एक फळ' हे माप फसवं आहे. एक वेलची केळं आणि एक जळगावचं मोठं केळं यांत दुप्पट-तिप्पट फरक. बाजारात आता पाव किलोचे पेरू मिळतात, त्याला 'एक पेरू' म्हणून कसं चालेल?

हिशेब असा धरा की एका वेळी फळातून साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं. साल, बी, कोय काढून खायच्या भागाचं वजन करायचं. आमच्या फ्रिजच्या दारावर लावलेला कागद हा असा:

- पेरू: १०० ग्रॅम, म्हणजे एक मध्यम
- सफरचंद: ११० ग्रॅम, एक लहान, सालासकट
- संत्रं: १२५ ग्रॅम, एक मध्यम
- पपई: १४० ग्रॅम, फोडींची भरलेली वाटी
- कलिंगड: २०० ग्रॅम, मोठा वाडगा
- स्ट्रॉबेरी: १९० ग्रॅम, दहा-बारा
- अननस: ११५ ग्रॅम
- हापूस: १०० ग्रॅम गर, मध्यम आंब्याचा अर्धा भाग
- द्राक्षं: ८५ ग्रॅम, पंधरा-सतरा मणी
- डाळिंबाचे दाणे: ८० ग्रॅम, अर्धी वाटी
- ताजं अंजीर: ८० ग्रॅम, दोन
- चिकू: ७५ ग्रॅम, एक लहान
- केळं: ६५ ग्रॅम, मोठ्याचं अर्धं किंवा एक वेलची
- फणस: ६५ ग्रॅम, दोन-तीन गरे
- सीताफळ: ६० ग्रॅम गर, मध्यम फळाचा अर्धा भाग
- खजूर: २० ग्रॅम, लहान दोन-तीन

यादी वाचून लक्षात येईल की 'बंद' असं एकही फळ नाही. सीताफळ ६० ग्रॅमवर थांबतं आणि कलिंगड २००वर जातं, एवढंच. फळाची जात, पिकलेपणा यांनी आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण घरच्या हिशेबाला हे पुरतात.

कलिंगडाबद्दल लोक मला नेहमी विचारतात, कारण त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे पदार्थ रक्तातली साखर किती झपाट्यानं वाढवतो याचा निर्देशांक, जास्त असल्याचं वाचलेलं असतं. हा निर्देशांक १९८१ साली टोरांटोमध्ये डेव्हिड जेन्किन्स यांनी मांडला. तो मोजताना प्रत्येक पदार्थ अशा प्रमाणात देतात की त्यातली कर्बोदकं ठरावीक, बहुधा ५० ग्रॅम, भरतील. कलिंगडातून तेवढी मिळवायला साडेसहाशे ग्रॅम गर खावा लागेल. एवढं आपण एका बैठकीत खात नाही. वाडगाभर कलिंगडात मुळात पाणीच जास्त. त्यामुळे निर्देशांकापेक्षा वाडग्याचं वजन बघा. दोन आठवडे मोजलंत की डोळ्यांना अंदाज येतो, मग काटा रोज काढावा लागत नाही. दर मोसमाला नवं फळ आलं की मात्र पुन्हा काढा.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक तत्त्वांतल्या थाळीत सर्वसामान्य माणसासाठीसुद्धा दिवसाला १०० ग्रॅम फळ धरलेलं आहे. मधुमेह असेल तर दिवसाला एक वाटा, म्हणजे वरच्या यादीतल्या एका फळाचं माप, घेऊन सुरुवात करा. वहीतले आकडे (पायरी ५ बघा) चांगले आले तर दुसरा वाढवा, पण दोन्ही एकत्र नाही, मध्ये चार-पाच तास जाऊ द्या.

## पायरी ३: फळासाठी ताटात जागा करा

सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

आपल्याकडे फळ बहुतेक वेळा जेवणावर येतं. पोळी, भाजी, वरणभात, ताक झालं, मग "एवढं फळ खा, चांगलं असतं" म्हणून बशी पुढे येते. मोठ्या वाटीभर भातात, म्हणजे १५० ग्रॅम शिजवलेल्या भातात, ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. दोन पोळ्यांची आणखी चाळीसेक. त्यावर अर्धा आंबा. शुगर २२०ला जाते आणि दोष आंब्याला लागतो, कारण तो शेवटी आला आणि तो गोड होता. भाताला कुणी काही बोलत नाही.

म्हणून बदला-बदलीचा हिशेब पाठ करा. फळाचा एक वाटा म्हणजे एक पातळ फुलका, किंवा अर्धी वाटी भात, किंवा चार मारी बिस्किटं. फळ आलं की यांतलं एक उठलं पाहिजे. आंबा खायचाय ना? भात निम्मा घ्या. पाच वाजता पेरू घ्यायचाय? बिस्किटांचा डबा उघडायचा नाही. घरातल्या बायकांना मी हे मुद्दाम सांगते, कारण वाढणारा हात बहुधा त्यांचा असतो आणि मधुमेह कधीकधी त्यांनाच असतो. उरलेला घास वाया जाऊ नये म्हणून भाताबरोबर आंब्याची कोयही त्याच संपवतात. कोयीला लागलेला गर आणि बाठीचा भाग मिळून तीस-चाळीस ग्रॅम सहज होतो, तोही मोजा.

वेळेचं म्हणाल तर बऱ्याच जणांना सकाळी उठल्याउठल्या फळ सोसत नाही. पहाटे शरीरातली काही संप्रेरकं वाढलेली असतात, त्यांच्यामुळे सकाळी इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो आणि तोच पेरू संध्याकाळपेक्षा जास्त आकडा दाखवतो. 'उपाशीपोटी फळ खा' हा सल्ला सरसकट घेऊ नका. आमच्याकडे चार ते पाच ही वेळ सर्वात सोयीची ठरली. दुपारचं जेवण उतरलेलं असतं, रात्रीचं लांब असतं आणि तेव्हाच काहीतरी तोंडात टाकायची इच्छा होते. 'रात्री फळ विष' असं काही नाही. रात्री फळ पोटभर जेवणावर पडतं आणि त्यानंतर माणूस झोपतो, अडचण तेवढीच.

फळाबरोबर मूठभर भाजलेले शेंगदाणे, पाच-सहा बदाम किंवा वाटीभर बिनसाखरेचं दही घेतलं तर साखर रक्तात सावकाश उतरते. जेवतानाच फळ घ्यायचं असेल तर आधी कोशिंबीर, उसळ, भाजी खा आणि पोळी-भात-फळ शेवटाकडे ठेवा. खाऊन झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. घरातल्या घरात हॉलपासून गॅलरीपर्यंत फेऱ्या मारल्या तरी आकड्यात फरक दिसतो. अण्णांच्या वहीत चाललेले आणि न चाललेले दिवस लगेच ओळखू येतात.

## पायरी ४: फळ चावून खा

हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये जवळपास १ लाख ८७ हजार लोकांची माहिती तपासली. अख्खी फळं, त्यातही ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंद, खाणाऱ्यांत मधुमेहाचं प्रमाण कमी आढळलं आणि फळांचा रस पिणाऱ्यांत जास्त. द्राक्षं धोका कमी दिसलेल्या फळांत होती, हे आपल्याकडच्या यादीवर फुली मारणाऱ्यांनी जरूर वाचावं.

एक ग्लास संत्र्याच्या रसाला तीन-चार संत्री लागतात. सोलून खायला बसलात तर दुसऱ्या संत्र्यालाच हात थांबतो. रस मात्र दोन मिनिटांत घशाखाली. चोथा गाळला गेला, २५ ग्रॅमच्या वर साखर पोटात गेली आणि चावायला काही लागलंच नाही. मोसंबीचा रस आजाऱ्याला भेटायला जाताना नेतात, तो मधुमेह असलेल्या आजाऱ्याला नेऊ नका. मोसंबीच न्या. पाकिटावर 'साखर घातलेली नाही' लिहिलेला रसही रसच आहे. उसाच्या रसाबद्दल तर बोलायलाच नको.

मिक्सरमधून काढलेलं मिल्कशेक, शिकरण, फ्रूट सॅलड, आमरस हे सगळे याच गटात. शिकरण घ्या: मोठं केळं ३० ग्रॅम, दूध ७, दोन चमचे साखर ८-१०, म्हणजे चाळिशी पार, आणि ते पोळीबरोबर खातात. आमरसाच्या दोन वाट्या आणि चार पुऱ्या म्हणजे १०० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. मी आमरस तोडायला सांगत नाही. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला अण्णा आमरस खातात, अर्धी लहान वाटी, साखर न घालता, पुऱ्यांऐवजी एका फुलक्याबरोबर, आणि त्या जेवणात भात नाही. त्यांचा तो घास बघताना मला खूप बरं वाटतं.

सुक्या फळांत पाणी उडून साखर गोळा झालेली असते. मनुका २० ग्रॅम, म्हणजे छोटी मूठ, की वाटा संपला. सुकं अंजीर दोन. 'खजूर नैसर्गिक आहे, चालतो' म्हणून साखरेऐवजी खजुराचे लाडू रोज खाणारी माणसं मी पाहिली आहेत. शुगरला नैसर्गिक-अनैसर्गिक कळत नाही. आंबापोळी, फणसपोळी, मोरावळा यांना फळ म्हणू नका, ती मिठाई आहे. आवळा मात्र ताजा, मिठात मुरवलेला किंवा किसून कोशिंबिरीत घालून मनसोक्त खा. रक्तदाब असेल तर मिठाकडे लक्ष ठेवा, पेरूवर चाट मसाला भुरभुरतानाही.

केळं काळे ठिपके पडलेलं घेऊ नका, जरा कच्चट, देठाशी हिरवट असं घ्या. त्यात स्टार्च अजून पूर्ण साखरेत बदललेला नसतो. तेच पपईचं, कडक पिकलेली घ्या.

## पायरी ५: जोडीनं शुगर बघा आणि लिहा

कोणतं फळ तुम्हाला सोसतं हे माझ्या यादीवरून नाही, तुमच्या बोटावरून कळेल. त्यासाठी दोन आकडे लागतात: खाण्याच्या लगेच आधीचा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनंतरचा. नुसता नंतरचा आकडा निरुपयोगी, कारण सुरुवात ११० वरून झाली की १७० वरून, ते त्यात दिसत नाही.

पद्धत अशी. एका वेळी एकच फळ, मोजून एक वाटा, संध्याकाळी एकटंच, म्हणजे जेवणाची सरमिसळ होत नाही. हात साबणानं धुवून कोरडे करून तपासणी. दोन तासांत मध्ये काही खायचं नाही, साखरेचा चहासुद्धा नाही. तेच फळ तीन वेगवेगळ्या दिवशी करून बघा. एका दिवसावर निकाल देऊ नका. झोप नीट झालेली नसली, ताप-सर्दी असली, गोळी उशिरा घेतली तरी आकडा हलतो. आणि चांगल्या मीटरलाही १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य असतो. म्हणजे १५२ आणि १६० हे एकच समजा.

वाढ ५०च्या आत आणि दोन तासांनंतरचा आकडा १८०च्या आत राहिला तर आम्ही ते फळ पक्कं करतो. १८० ही मर्यादा बहुतेकांना सांगितली जाते. वय जास्त असेल, हृदयविकार असेल तर तुमचे डॉक्टर वेगळी सांगतील, ती धरा. वाढ जास्त आली तर फळ लगेच तोडू नका. आधी वाटा निम्मा करा, मग दाण्यांबरोबर घेऊन बघा, मग चालून बघा. तिन्ही करूनही जमलं नाही तर त्या फळाला निरोप.

अण्णांच्या वहीतल्या काही ओळी जशाच्या तशा देते: "पेरू १०० ग्रॅ., आधी १२१, नंतर १३८." "चिकू ७५ ग्रॅ., आधी ११८, नंतर १८९. चाललो नाही." "चिकू ४० ग्रॅ. + बदाम ५, आधी १२४, नंतर १५१." "हापूस अर्धा, जेवणावर, नंतर २१४." "हापूस अर्धा, ५ वा., आधी ११५, नंतर १४९." त्यांच्या शाळामास्तरी अक्षरात लिहिलेल्या या शेवटच्या दोन ओळींनी आमच्या घरातला आंब्याचा वाद मिटवला. शेजारच्या काकूंच्या वहीत मात्र चिकू व्यवस्थित बसतो आणि संत्रं वर चढतं. म्हणूनच दुसऱ्याच्या वहीवर विसंबू नका.

## मोसम, उपवास आणि सणवार

आपल्याकडे वर्षभर काही ना काही येतंच, त्यामुळे महाग परदेशी फळांच्या मागे लागायची गरज नाही. थंडीत पेरू, बोरं, नागपूरची संत्री, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. पुढे नाशिकची द्राक्षं आणि पुरंदरचं अंजीर. उन्हाळ्यात कलिंगड, ताडगोळे, आंबा, मग जांभूळ. ताडगोळा तर बहुतेकांना चांगला सोसतो, गोडी कमी, पाणी भरपूर.

जांभळाविषयी एक कळकळीची विनंती. जांभूळ उत्तम फळ आहे, पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीचं मिळालं तर जरूर खा. पण बियांच्या पुडीवर भरवसा ठेवून गोळी बंद करू नका. आमच्या नात्यातल्या एका मावशींनी तीन महिने तसं केलं आणि पायाची जखम चिघळून दवाखान्यात राहावं लागलं.

आंब्याच्या दिवसांत आम्ही एकच नियम ठेवतो: हापूस असेल त्या दिवशी दुसरं फळ नाही आणि त्या संध्याकाळी भात नाही. २५० ग्रॅमचा आंबा, त्यात दीडशेच्या वर गर, त्याचे दोन भाग, एक अण्णांचा, एक आईचा. मोजून खाल्लेला आंबा तोंडात जास्त वेळ राहतो, असं अण्णा म्हणतात.

एकादशीला, चतुर्थीला फळाच्या नावाखाली ताटात काय येतं ते बघा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८७ ग्रॅम कर्बोदकं. खिचडी, बटाट्याचा कीस, रताळं आणि वर केळं, हा सगळा भार एकाच वेळी पडतो. त्यापेक्षा वरीचा थोडा भात, दाण्याची आमटी, दही, काकडीची कोशिंबीर आणि एक वाटा फळ असं करा. शुगर खाली आणणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर निर्जळी किंवा एकवेळचा उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका. श्रावणात हे दरवर्षी कुणाकुणाला भोवतं.

सणाच्या प्रसादात केळ्याची एक चकती, डाळिंबाचे चार दाणे आले तर हात मागे घेऊ नका. त्यानं काही होत नाही. सत्यनारायणाच्या शिऱ्याची वाटी मात्र चमचाभरावर आणा.

## ज्यांनी वेगळा विचार करायचा

मूत्रपिंड कमजोर असेल तर. इथे साखरेपेक्षा पोटॅशियम महत्त्वाचं. केळं, संत्रं, चिकू, शहाळं, सुकामेवा यांत ते भरपूर असतं. सफरचंद, अननस, जांभूळ यांत तुलनेनं कमी. रक्तातलं पोटॅशियम तपासून डॉक्टर सांगतील तेवढंच. शहाळं 'औषधी' म्हणून अशा माणसाला आग्रहानं पाजू नका. आणि कमरख, कोकण-गोव्यातलं करमल, अजिबात नको. त्यातलं विषारी द्रव्य कमजोर मूत्रपिंडाला बाहेर टाकता येत नाही आणि उचकी, भ्रम, झटके येण्यापर्यंत मजल जाते. लोणचं, सरबत या रूपातही नको.

कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर. ग्रेपफ्रूटमुळे सिम्व्हास्टॅटिन, ॲटोर्व्हास्टॅटिन अशा गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. गणपतीत येणारं पपनस त्याच कुळातलं आहे. एखादी फोड प्रसाद म्हणून वेगळी, पण रोज खाणार असाल तर डॉक्टरांना विचारा.

शुगर एकदम खाली गेली तर. घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, आणि मीटर ७०च्या खाली. अशा वेळी सफरचंद किंवा पेरू देऊ नका, ते फार सावकाश चढतात. तीन चमचे साखर पाण्यात, किंवा अर्धा कप फळांचा रस ताबडतोब. रसाची खरी जागा ही. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून सत्तरच्या खाली असेल तर परत द्या, सावरल्यावर पोळी किंवा दूध असं काहीतरी खायला द्या. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असणाऱ्यांना साखरेचा गुण लवकर येत नाही, कारण ती गोळी साखर फोडायचं काम मंद करते. त्यांच्या घरात ग्लुकोज पावडरच हवी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

ग्लुकोज पावडरची एक पुडी अण्णांच्या शबनममध्ये वहीशेजारीच असते. तपासणीला जाताना तीच वही डॉक्टरांपुढे ठेवतो. 'फळ चालेल का' असं मोघम विचारण्यापेक्षा "पाच वाजता ७५ ग्रॅम चिकू, आधी ११८, नंतर १८९, अर्ध्यावर आणून बदामांबरोबर १५१" असं सांगितलं की डॉक्टरही पान उलटून बघतात. गेल्या खेपेला त्यांनी संध्याकाळच्या गोळीची वेळ त्यावरूनच बदलली. आता सीताफळाचे दिवस येतील, त्याचं पान अण्णांनी आत्ताच आखून ठेवलं आहे.